दोन पाण्यांचा हिशेब

चाळीसगावहून पाटणादेवीकडे निघाले की अठरा-वीस किलोमीटरच्या आत जमिनीचा स्वभाव बदलतो. कापसाची, उसाची सपाट शेते मागे पडतात, समोर सातमाळा-अजिंठा रांगेचा कडा भिंतीसारखा उभा राहतो आणि त्या भिंतीला जागोजागी चिरा पडलेल्या दिसतात. या चिरा म्हणजे घळी. पाटणादेवीच्या मागे धवलतीर्थ आणि केदारकुंड आहेत, वरच्या अंगाला पितळखोऱ्याची लेणी आहेत, आणि याच रांगेवर पूर्वेकडे वाघूर नदीच्या नालाकृती वळणात अजिंठ्याची लेणी आहेत. तापीच्या उत्तरेला सातपुड्यात यावल तालुक्यातली मनुदेवीची घळ आहे, आणि धुळ्याजवळ लळिंगच्या डोंगरातले ओढे आहेत. जगात ज्यांची चित्रे सर्वत्र दिसतात त्या वाळवंटी घळी, म्हणजे अमेरिकेतल्या ॲरिझोनाची अँटिलोप घळ किंवा जॉर्डनमध्ये पेट्राला जाणारी अरुंद वाट, आपल्यापासून फार दूर आहेत. पण वाटाड्या घेऊन एका दिवसात जाऊन यावे असा त्या जातीचा अनुभव जळगाव-धुळ्याच्या माणसाला घरापासून दोन तासांवर मिळतो. या प्रकरणाचा विषय त्या एका दिवसाची तयारी हा आहे. तयारी म्हटले की पिशवीत काय भरायचे याची यादी डोळ्यांपुढे येते. माझे म्हणणे असे की पिशवी ही तयारीतली सर्वांत शेवटची गोष्ट. घळीची तयारी म्हणजे दोन पाण्यांचा हिशेब: एक, आपण पाठीवर नेतो ते पाणी आणि दुसरे, आपल्याला न विचारता वरून येते ते. हा हिशेब घरी, निघण्याच्या आदल्या दिवशी पुरा झालेला असावा लागतो, कारण घळीत उतरल्यावर तो करायला वेळही नसतो आणि जागाही नसते.

पहिला आक्षेप इथेच येतो. खानदेश म्हणजे वाळवंट नव्हे, मग वाळवंटी घळींचे नियम इथे कशाला? हे बरोबरच आहे की जळगावला वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि धुळ्याला त्याहून काहीसा कमी, आणि एवढ्या पावसाच्या प्रदेशाला कोणी वाळवंट म्हणत नाही. पण घळीला वर्षाची बेरीज कळत नाही. तिला कळते ते एवढेच की हा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि त्यातही मोजक्या दिवसांत पडून जातो. उरलेले आठ महिने तिच्या पात्रात दगडगोटे, वाळलेली पाने आणि एखाद्या कुंडात हिरवट पाणी एवढेच असते. म्हणजे ऑक्टोबर ते मे ती वाळवंटातल्या घळीसारखीच कोरडी असते, आणि पावसाळ्यातल्या एखाद्या दिवशी वाळवंटातल्या घळीसारखीच एका तासात भरते. पांझरा आणि मोसम नद्यांच्या काठी फड पद्धतीने पाटाचे पाणी वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांनी शेकडो वर्षे हेच ओळखले होते, की या मुलखात पाणी येते तेव्हा अंगावर येते आणि नसते तेव्हा औषधालाही नसते. बंधारे, पाट, पाळ्या ही सगळी व्यवस्था त्या ओळखीतूनच उभी राहिली. घळीत दिवस घालवणाऱ्यानेही तिथूनच सुरुवात करायला हवी.

आता दगडाकडे पाहू, कारण घळीतून बाहेर पडण्याच्या वाटा किती, हे दगड ठरवतो. दख्खनचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांवर थर साचून बनला. सगळे थर सारखे नाहीत. काही घट्ट, कठीण. काही सच्छिद्र, ठिसूळ. मधूनच लालसर मातकट पट्टा. पाणी मऊ थर भराभर झिजवते आणि कठीण थरावरून खाली उडी मारते. म्हणून आपल्या घळी उतरणीच्या नसतात, पायऱ्यांच्या असतात: एक उभा टप्पा, त्याच्या पायथ्याशी कुंड, मग थोडे सपाट पात्र, मग पुन्हा टप्पा. अजिंठ्याला घळीच्या माथ्याशी असलेली सातकुंडाची रांग म्हणजे या रचनेचा धडाच आहे. यातून प्रवाशाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निघते. दहा फुटांचा टप्पा घसरत, हात देत, दोरीने उतरता येतो. पण तोच टप्पा उलटा चढणे पुष्कळदा जमत नाही. म्हणजे प्रत्येक टप्पा उतरताना आपण मागे एक दार लावून पुढे जात असतो. मऊ थर झिजला की वरचा कठीण थर अधांतरी राहतो आणि कधीतरी सुटतो. पितळखोऱ्याच्या लेण्यांचे पुढचे भाग कोसळले आहेत ते माणसाने फोडल्यामुळे नव्हे, प्रामुख्याने दगडाच्या या कमकुवतपणामुळे. कड्याच्या अगदी बुडाशी सावली असते हे खरे, पण तासभर जेवायला बसायची ती जागा नाही. वरून माकडांची टोळी गेली तरी दगड सुटतात.

(तापी, पूर्णा, गिरणेच्या काठच्या मातीच्या घळी हा वेगळा प्रकार आहे, तो इथे फार लांबवत नाही. त्या गाळाच्या आहेत, भिंती मातीच्या आहेत आणि पाऊस पडून गेल्यावर त्या ढासळतात. तिथे नियम एकच: भिंतीखाली थांबू नये. चांगदेवच्या संगमाच्या खाली हतनूर धरणाला 41 दरवाजे आहेत. पावसाळ्यात ते उघडले की खालच्या पात्राची पातळी आपल्या डोक्यावरच्या आभाळाशी काहीही संबंध न ठेवता वाढते.)

वरून येणारे पाणी किती येते याची कल्पना शब्दांनी येत नाही, आकड्यांनी येते. एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा लाख लिटर पाणी. समजा एखाद्या घळीत पाणी आणून सोडणारे वरचे पठार दहा चौरस किलोमीटरचे आहे. सातमाळ्यात हे काही मोठे क्षेत्र नव्हे. त्यावर एका तासात 50 मिलिमीटरची सर कोसळली तर 50 कोटी लिटर पाणी पडले. निम्मे मुरले किंवा अडले असे उदारपणे धरले तरी 25 कोटी लिटर घळीकडे धावते. ते तासाभरात वाहून गेले असे मानले तर सेकंदाला सुमारे 70 हजार लिटर. घळ पाच मीटर रुंद आहे आणि पाणी सेकंदाला चार मीटर वेगाने चालले आहे असे धरा, तर पात्रात साडेतीन मीटर उंचीचे पाणी उभे राहते. हा अंदाजी हिशेब आहे. प्रत्यक्षात उतार, झाडी, मातीचा ओलावा यांनी आकडा खाली-वर होईल. पण तो निम्मा केला तरी पुरुषभर पाणी उरते, आणि वाहते पाणी गुडघ्यापर्यंत आले की धडधाकट माणसाचेही पाय उचलले जातात. या हिशेबात घळीत उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर पाऊस पडतो आहे की नाही याला कुठेच स्थान नाही. पठार वर आहे, पाच-सात किलोमीटर आत आहे, आणि घळीतून आभाळाची जेमतेम एक पट्टी दिसते.

खानदेशाला याचा पुरावा लांबून आणावा लागत नाही. 2021 च्या ऑगस्टच्या अखेरीस, 30 तारखेच्या रात्री आणि 31 ला, याच रांगेवर अतोनात पाऊस झाला. तितूर आणि डोंगरी या चाळीसगावच्या नद्यांनी पात्र सोडले, पाणी शहरात आणि आसपासच्या गावांत शिरले, शेकडो जनावरे वाहून गेली, आणि कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला. जे पाणी चाळीसगावात घरांत शिरले ते आधी डोंगरातल्या घळींतून उतरले होते. पुराच्या बातम्यांत शहराचे फोटो येतात, घळीचे येत नाहीत, कारण त्या वेळी तिथे फोटो काढायला कोणी नसते आणि कोणी असूही नये.

पावसाळ्याबाहेर मात्र आपण सुरक्षित, असे कोणी म्हणेल. बऱ्याच अंशी ते खरे आहे, पूर्णपणे नाही. एप्रिल-मेमधला वळवाचा पाऊस दुपारी चारच्या सुमारास डोंगरावर जमतो, आणि हिवाळ्यात गारपिटीसह येणारी अवकाळी सर आता खानदेशाला नवी राहिलेली नाही. वाळवंटातल्या दुर्घटनांनी तर ‘कोरडे आभाळ’ या शब्दांवरचा विश्वास पुरता काढून घेतला आहे. 12 ऑगस्ट 1997 रोजी अँटिलोप घळीच्या खालच्या भागात 11 पर्यटक वाहून गेले. घळीवर पाऊस जवळजवळ नव्हता. वादळ काही मैल वर कोसळले होते. गटाबरोबरचा एक वाटाड्या तेवढा वाचला. 26 एप्रिल 2018 रोजी इस्राएलच्या दक्षिणेकडील झाफित घळीत शिक्षणसंस्थेच्या सहलीतली दहा तरुण मुले-मुली बुडाली. हवामान खात्याने पुराचा इशारा आधीच दिला होता, आणि निघण्याआधी त्यांतल्या एका मुलीने मैत्रिणीला आपली भीती कळवली होती. आपल्याकडे, खानदेशाच्या उत्तरेला महूजवळच्या पातालपाणी धबधब्यावर जुलै 2011 मध्ये एका कुटुंबातली पाच माणसे प्रवाहातल्या खडकावर उभी असताना पाणी वाढले. पाचही जण वाहून गेले, दोघे वाचले. या तिन्ही ठिकाणी माणसे बेफिकीर होती असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. ती जिथे उभी होती तिथून धोका दिसतच नव्हता. धोका दिसत नाही तिथे सावधपणा कामाला येत नाही, आधी केलेला हिशेबच कामाला येतो.

म्हणून हवामानाचा अंदाज पाहायचा तो आपण उभे राहणार त्या गावाचा नव्हे, पाणी जिथून येते त्या गावाचा. पाटणादेवीला जाणाऱ्याने चाळीसगावच्या जोडीने कन्नडचा अंदाज पाहावा. मनुदेवीला जाणाऱ्याने यावलच्या जोडीने सातपुड्याच्या वरच्या अंगाचा. भारतीय हवामान खाते जिल्हावार पिवळा, नारिंगी, लाल असे इशारे देते; पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप आसपासच्या विजांची सूचना थोडा वेळ आधी देते. पण फोनला घळीत रेंज नसते, म्हणून हे सकाळी, वर असतानाच बघायचे. डोंगराच्या जिल्ह्याला नारिंगी इशारा असेल तर तो दिवस घळीचा नव्हे, मग चाळीसगावात कितीही लख्ख ऊन पडलेले असो.

आता दुसरा आक्षेप, आणि हा सर्वांत जास्त ऐकू येणारा. वाटाड्या बरोबर आहे, पैसे मोजले आहेत, मग हा सगळा विचार त्याने करावा; आपण का? याचे उत्तर वरच्याच घटनांत आहे. अँटिलोपच्या त्या गटात वाटाड्या होता. झाफितच्या सहलीत प्रशिक्षक होते. जाणता माणूस बरोबर असणे हे फार मोठे संरक्षण आहे, आणि अनोळखी घळीत वाटाड्याशिवाय उतरू नये हे मी ठामपणे म्हणतो. पण जो गट स्वतः काही विचारत नाही तो नकळत वाटाड्यालाही विचार न करण्याची मुभा देतो. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले; त्यात संस्थांची नोंदणी, प्रशिक्षित माणसे, सुरक्षेची साधने यांच्या अटी आहेत. दोर लावून घळ उतरवणारी संस्था नोंदणीकृत आहे का हे विचारणे हा प्रवाशाचा हक्क आहे. पण पाटणादेवीच्या किंवा यावलच्या जंगलात वाट दाखवणारा माणूस बहुतेकदा संस्थेचा नसतो. तो आसपासच्या गावचा, भिल्ल, पावरा किंवा तडवी समाजातला, लहानपणापासून तिथे गुरे चारलेला असतो. त्याच्याकडे प्रमाणपत्र नसेल, पण घळ आहे. त्याला विचारायचे ते असे: या नाल्याला वरून किती नाले मिळतात? मागे कधी पाणी आले तेव्हा ते कुठपर्यंत चढले होते? इथून पुढे वर निघायच्या वाटा कुठे कुठे आहेत आणि दोन वाटांमध्ये चालायला किती वेळ लागतो? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत मोलाचे. अर्ध्या तासाच्या आत वर निघायची वाट आहे अशा घळीत आणि दोन तास कुठेच वाट नाही अशा घळीत जमीन-अस्मानाचा फरक आहे, मग दोन्ही कितीही सारख्या दिसोत. पात्राच्या भिंतीवर डोक्याच्या उंचीला अडकलेला काडीकचरा, झाडाच्या बुंध्याला गुंडाळलेली चिंधी, कड्याला घासलेल्या ओंडक्याची खूण याही गोष्टी हेच सांगतात, आणि त्या वाचायला कोणाचीही मदत लागत नाही.

या ज्ञानाला आपल्या भागात दोन हजार वर्षांचा आधार आहे. अजिंठा आणि पितळखोरा येथील भिक्षू पावसाळ्यात एका जागी मुक्काम करण्याच्या नियमाने, म्हणजे वर्षावासासाठी, अशा घळींमध्ये राहत. ऐन पुराच्या ऋतूत ते घळीत असत. पण त्यांनी लेणी कोरली ती कड्याच्या पोटात, पात्रापासून चांगल्या उंचीवर, आणि पाण्यापर्यंत उतरायला पायऱ्या ठेवल्या. पाणी जवळ हवे, पण पाण्याच्या वाटेत नको. घळीत कसे वागावे याचे याहून नेमके सूत्र मला दिसत नाही. विश्रांती, जेवण, फोटो, जे काही थांबून करायचे ते पात्राच्या वर; पात्रात फक्त चालणे.

आता पाठीवरचे पाणी. इथे घळ डोंगरापेक्षा वेगळी वागते. किल्ला चढताना आपण ताज्या दमाने, सकाळच्या गारव्यात चढतो आणि थकल्यावर उतरतो. थकवा आला तर अर्ध्यातून मागे फिरणे सोपे, कारण मागे फिरणे म्हणजे उतरणे. घळीत बहुधा हे उलटे होते. कन्नडच्या बाजूने पितळखोऱ्याला गेले तर आधी पायऱ्या उतरायच्या असतात, आणि चढ शिल्लक राहतो तो उन्हाच्या वेळेसाठी. उतरताना पाणी कमी लागते, म्हणून मनाला वाटते की नेलेले पुष्कळ आहे. अमेरिकेत ग्रँड कॅन्यनच्या व्यवस्थापनाला उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत आतल्या वाटांवर चालू नका, असे पर्यटकांना पुन्हा पुन्हा सांगावे लागते, त्याचे मूळ याच उलट्या रचनेत आहे.

जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो. हवामान खात्याच्या निकषाप्रमाणे सपाट प्रदेशात 45 अंश म्हणजे सरासरी कितीही असो, उष्णतेची लाट. वर्तमानपत्रात छापला जाणारा हा आकडा सावलीतला, हवा खेळती असलेल्या पेटीतला असतो. घळीच्या तळाशी वारा नसतो, काळा पाषाण ऊन पिऊन घेतो आणि दोन्ही बाजूंनी परत फेकतो. अशा ठिकाणी चालणाऱ्या माणसाचा घाम तासाला लिटरभर सहज जातो. पाच तासांच्या चालीला पाच लिटर पाणी म्हणजे पाच किलो ओझे, आणि ते ओझे वाहण्याचाही घाम. हा हिशेब पुढे नेला की एकच निष्कर्ष निघतो: एप्रिल-मेमध्ये खानदेशातल्या घळीत दिवस घालवू नये, पाणी कितीही नेले तरी. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ खरा. तेव्हा माणशी तीन-साडेतीन लिटर पुरते, आणि पहाटे निघून दुपारी बाराच्या आत चढ संपवता येतो. पाणी तहान लागल्यावर घटाघटा पिण्याऐवजी वीस मिनिटांनी पेलाभर, असे पीत राहावे. नुसत्या पाण्याबरोबर मीठही हवे, कारण घामात मीठ जाते आणि केवळ पाणी पीत राहिल्याने रक्तातले मिठाचे प्रमाण उतरते. डोके दुखते, मळमळते, आणि माणूस ते उन्हाने झाले समजून आणखी पाणी पितो. मीठ-साखरेची पुडी मिळाली तर उत्तम. नाहीतर लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा आणि सपाट. जळगावची केळी बरोबर घ्यावीत, ती ताकद देतात, पण केळ्यात मीठ नाही. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी हा आपल्या आज्यांनी प्रवासासाठी ठरवलेला डबा या कसोटीला पुरेपूर उतरतो: टिकाऊ, खारट, आणि पोट जड न करणारा. वरण-बट्टी घरी परतल्यावर.

यावर तिसरा आक्षेप असा की तिथले गुराखी तर एका पाण्याच्या बाटलीवर मे महिन्यातही फिरतात. मग शहरातल्या माणसाचे एवढे लाड कशाला? गुराख्याकडे पाहावेच, पण नीट पाहावे. त्याचे शरीर आठवडेच्या आठवडे त्या उन्हात मुरलेले असते. उष्णतेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात हे वैद्यकशास्त्र सांगते, आणि वातानुकूलित खोलीतून शनिवारी निघालेल्या माणसाला ते मिळालेले नसतात. गुराखी उजाडताच निघतो, दुपारी झाडाखाली आडवा होतो. कोणत्या कुंडाला, कोणत्या झिऱ्याला अजून पाणी आहे हे त्याला माहीत असते. डोक्याला रुमाल गुंडाळलेला असतो, तोही ओला. आणि वरच्या अंगाला वीज चमकली की तो गुरे पात्रातून काढतो, कोणी सांगण्याची वाट पाहत नाही. म्हणजे तयारी त्याचीही आहे, आपल्यापेक्षा जास्त आहे. ती पाठीवर दिसत नाही एवढेच. कुंडातले साचलेले पाणी त्याच्या पोटाला सोसते म्हणून आपल्यालाही सोसेल, हे गृहीत धरू नये.

ऊन लागल्याची खूण मात्र सर्वांनी ओळखायला हवी. थकवा, चक्कर, पायात गोळे येणे इथवर सावली, पाणी आणि मीठ यांनी भागते. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, चिडू लागला, ओळखीच्या प्रश्नाला उत्तर देईना, तर तो उष्माघात, आणि मग आधी अंग थंड करायचे: कपडे सैल, अंगावर पाणी, वारा. पिण्यासाठी राखलेले पाणी अशा वेळी अंगावर ओतायचे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालायचे नाही. मग 108 किंवा 112. रेंजसाठी एकाला वर पाठवावे लागेल हे धरून गट चारपेक्षा लहान नसावा.

बाकीची तयारी थोडक्यात सांगता येते. बूट रबरी पकडीचे, आधी वापरून मऊ झालेले. गौताळा-औट्रमघाट आणि यावल ही अभयारण्ये आहेत. चौकीवर नोंद करूनच जावे, आणि ती नोंद नुसता सोपस्कार नाही, परतलो नाही तर शोध तिथूनच सुरू होतो. बिबट्याचे जंगल असल्याने अंधार पडेपर्यंत रेंगाळू नये. कड्यांवर आग्या मोहोळांची पोळी लोंबत असतात: अत्तर नाही, धूर नाही, आरडाओरडा नाही, दगड मारणे तर नाहीच. घरी एकाला सांगून ठेवावे, कोणत्या घळीत जातो आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर चौकीला कळवायचे.

आणखी एक आक्षेप उरतो, आणि तो मनाचा आहे. धबधबा पाहायचा तर पावसाळ्यातच जायला हवे. पाणी नसलेली घळ पाहून काय मिळणार? धबधबा जरूर पाहावा, पण समोरून किंवा वरून, देवळाच्या अंगणातून, दर्शनी जागेवरून. पात्रात उतरून नव्हे. आणि कोरडी घळ रिकामी नसते. पाटणादेवीच्या परिसरात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचे सांगणारा 1207 चा शिलालेख आहे. पितळखोऱ्याच्या यक्षमूर्तीवर ती घडवणाऱ्या कान्हदास या सोनाराचे नाव कोरलेले आहे, आणि ती मूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. लाव्हाचे थर एकावर एक वाचता येतात ते पाणी ओसरल्यावरच. ज्याला घळ समजून घ्यायची आहे त्याचा ऋतू हिवाळा आहे, हे मी निव्वळ सुरक्षेसाठी म्हणत नाही.

हे सगळे करूनही एक गोष्ट राहिली तर हिशेब फसतो, ती म्हणजे मागे फिरण्याचा निर्णय. तो घळीत घ्यायला गेले तर कोणी घेत नाही. पहाटे तीनला उठून आलेले असतो, आणखी एकच टप्पा राहिलेला असतो, गटातल्या कोणालाही भित्रा ठरायचे नसते. म्हणून परतीची वेळ आदल्या रात्री ठरवावी आणि ती सर्वांना, वाटाड्यालाही, सांगावी: अकरा वाजता जिथे असू तिथून परत. पाणी निम्मे झाले तर अकराची वाट न पाहता परत. वरच्या अंगाला ढग गडगडला तर लगेच वर, जवळच्या वाटेने, सामान सोडूनही. आणि वाटाड्याने ‘आज नको’ म्हटले की वाद नाही. पण तो ‘आज नको’ म्हणेल का? गावातल्या माणसाला आठवड्यातून एखादा गट मिळतो. अर्ध्या वाटेवरून परत आणले तर अर्धेच पैसे हातावर ठेवणारे गट त्याने पाहिलेले असतात. मग आभाळ पाहताना त्याच्या मनात घरचा चूलखर्चही असतो, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. आपल्या जिवाचा निर्णय ज्याच्या शब्दावर आहे त्याचा शब्द आपणच असा महाग करून ठेवतो. म्हणून जळगाव, धुळे, चाळीसगावहून निघणाऱ्या प्रत्येक गटाला एक विनंती आहे: घळ पूर्ण होवो न होवो, वाटाड्याची त्या दिवसाची पूर्ण मजुरी पात्रात पाऊल टाकण्याआधीच त्याच्या हातात ठेवा, आणि परतलो तरी ती तुझीच, हे त्याला तिथेच सांगा.